फेरिया, इस्पितळमार्गे

घोड्याच्या पुतळ्याच्या चौकात ट्रामनं डावीकडे हिसका दिला तेव्हा मांडीवरची पिशवी घसरली आणि मी ती दोन्ही हातांनी धरली. एवढंच झालं. खिडकीतून पुतळा गेला, मागोमाग औषधाचं दुकान, मग ती पिवळी भिंत, जिच्यावर कुणीतरी निळ्या रंगात ‘लूस, परत ये’ असं लिहून ठेवलंय. ती भिंत मी रोज बघत होतो. म्हणजे गाडी डावीकडे वळली होती. नदीला जायचं तर ती उजवीकडे वळायला हवी होती. हे मला कळलं, पण कळल्याचं काही वाटलं नाही. दुसऱ्या कुणाची तरी गाडी चुकली आहे आणि मी शेजारी बसून बघतोय, असं. मग पिशवीचं वजन मांडीला जाणवलं आणि तिच्यात काय आहे ते आठवलं. सोइलाचे कपडे. सोइला, माझी बायको, गुरुवारी गेली. आज सोमवार, पाचवा दिवस. पाचव्या दिवशी गेलेल्या माणसाचे कपडे नदीवर नेऊन धुवायचे, ही आमच्याकडची रीत. नवऱ्यानं न्यायचे, घरच्या बायकांनी धुवायचे. तिची धाकटी बहीण रोसाउरा दोन चुलत बहिणींना घेऊन उजाडतानाच नदीवर गेली होती, चांगले दगड दुसऱ्या कुणी धरायच्या आत. जाताना मला दारातून बजावून गेली होती, “भावजी, दुपारनंतर ढग उतरतात, तुम्हाला सांगायला नको. ऊन आहे तोवर सगळं वाळलं पाहिजे. ओलं राहिलं तर ताईला ओल्या अंगानं पलीकडची वाट चालावी लागेल. लवकर या. आणि पुलाकडची ट्राम धरा. पुलाकडची!” मी मान हलवली होती. गेले चार दिवस मी सगळ्यांनाच मान हलवत होतो.

आमच्या चौकात दोन्ही गाड्या एकाच फलाटाला लागतात. दोन्ही पांढऱ्या आणि लाल, दोन्हींच्या कपाळावर मोठ्या अक्षरांत ‘फेरिया’, कारण दोन्ही शेवटी फेरियाच्या मोठ्या बाजारालाच जातात. खाली बारीक अक्षरांत एकीवर ‘पुलावरून’ असतं आणि दुसरीवर ‘इस्पितळावरून’. ती बारीक अक्षरं वाचायला थांबावं तर दार मिटतं. पण खरं सांगायचं तर आज मी अक्षरं वाचलीच नव्हती. दीड महिना मी याच पिशवीत सोइलाचे धुतलेले कपडे घेऊन याच वेळी याच फलाटावर आलो होतो, त्यामुळे गाडी आली, पाय चढले, मी डाव्या खिडकीशी बसलो, पिशवी मांडीवर घेतली. पिशवी तीच, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची. पायांना कुणी काही सांगितलं नव्हतं.

मी उठलो आणि इतकी वर्षं बसमध्ये ओरडलो तसं ओरडलो, “कोपऱ्यावर घ्या, मास्तर, उतरायचंय!”

गाडी आपल्या चालीनं जात राहिली. चालक पुढे काचेच्या पलीकडे होता, त्याची फक्त मान दिसत होती. दोन-चार माणसं हसली. माझ्यासमोर एक जाड बाई पोतं मांडीवर घेऊन बसली होती, पोत्यात गिनीपिग होते, ते मधूनच चिवचिवत होते. ती म्हणाली, “आजोबा, तो काचेतला संत आहे. नवस बोला, ऐकला तर ऐकला.”

“हिला काही सांगू नका,” तिच्या शेजारचा टाय बांधलेला म्हातारा मला म्हणाला. “तुम्हाला कुठं जायचंय?”

“नदीला. पुलाशी.”

“मग पुढच्या थांब्यावर उतरा आणि समोरच्या फलाटावरून उलट जा.”

“उलट कुठली जाते आता?” गिनीपिगवाली म्हणाली. “दुपारपर्यंत सगळ्या गाड्या एकाच बाजूनं फिरतात. दुपारनंतर सगळ्या उलट.”

“कुणी सांगितलं?”

“पत्रकात आहे.”

“पत्रक मागच्या महिन्याचं. ते बदललं.”

“बदललं ते रविवारचं. आज रविवार आहे का? तुमच्यात असेल!” तिनं माझ्याकडे बघून पोतं थोडं बाजूला घेतलं. “बसा हो आजोबा. ही इस्पितळावरून फेरियाला जाईल, तिथनं वळून पुलाकडनं परत येईल. बसून राहिलात की आपोआप पोचाल. या शहरात आता सगळे फेरियालाच पोचतात, कुणी आधी, कुणी मागाहून.”

मी बसलो. मला घाई होती हे मला माहीत होतं. घाई कशी असते तेही आठवत होतं, पण ती आली नाही.

ट्राम सुरू झाली तेव्हा सोइला इस्पितळात होती. त्याआधी कित्येक वर्षं रस्ते उकरलेले होते, आमच्या दारासमोर फळी टाकून आम्ही ये-जा करायचो, आणि सोइला दारात बसून गवताच्या हॅट विणता विणता खड्ड्यातल्या मजुरांशी गप्पा मारायची. मग एके दिवशी खड्डे बुजले, रूळ चमकायला लागले आणि त्याच आठवड्यात तिला इस्पितळात न्यावं लागलं. तिनं ट्राम बघितलीच नाही. इस्पितळाच्या खिडकीतून मागची भिंत आणि पाण्याच्या टाक्या दिसायच्या. मी पहिल्यांदा ट्रामनं तिला भेटायला निघालो आणि पुलावरून फेरियाला पोचलो, तिथून घाबरून परत चढलो तो घोड्याच्या चौकातून पुन्हा आमच्याच दारात आलो. भेटीची वेळ संपता संपता तिच्या खाटेपाशी पोचलो. ती रागावली नाही. सगळं नीट विचारून घेतलं, आधी कुठं वळली, मग कुठं, आणि हसली. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच हसली. पोटाला हात धरून म्हणाली, “अहो, आपल्या दारातून निघून आपल्याच दारात? एवढं तर मी बसल्या जागी करते.” मग चादरीवर बोटानं रेघ ओढून मला समजावायला लागली. तिनं गाडी पाहिली नव्हती, रूळ कुठं जातात हे माझ्याकडून उलटंसुलटं ऐकलेलं, तरी तिला ते समजलं आणि मला नाही. म्हणाली, “हे हॅटसारखं आहे. शेंड्यापासून सुरू करायचं आणि गोल जायचं. आपली काडी आत्ता वरून चालली आहे की खालून, एवढंच ध्यानात ठेवायचं. मग चुकत नाही माणूस.” मी म्हणालो, “मी हॅट विणत नाही, साच्यावर दाबतो.” ती म्हणाली, “म्हणूनच.”

त्यानंतर ती रोज विचारायची, आज कुठं गेलात? आठवड्याभरात मला रस्ता पाठ झाला होता. ते मी तिला सांगितलं नाही. रोज नवी चूक घेऊन जायचो. एकदा म्हणालो, विमानतळाच्या कुंपणापर्यंत गेलो. एकदा म्हणालो, गाडी डेपोत गेली आणि मला आत ठेवून पोरांनी ती धुवायला घेतली. ती विचारायची, चर्चची कुठली बाजू दिसते गाडीतून? ते मात्र खरं सांगायचो. नवी गाडी चर्चांच्या मागच्या गल्लीतून जाते. बसमध्ये चर्चचं दार आलं की सगळे छातीवर क्रूस करायचे. आता मागची भिंत येते, कधी मोरी, कधी पाद्र्यांचे वाळत घातलेले मोजे. काहीजण क्रूस करतात, काही करत नाहीत, काही हात अर्ध्यावर नेऊन केस सारखे करतात. सोइला म्हणाली, “करायचा. पाठीमागून हाक मारली तर देव वळून बघणार नाही का? उलट लवकर बघेल, दचकून.” शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा हसली. नर्स आत येऊन म्हणाली, ही हसण्याची खोली आहे का?

गाडी आता त्याच गल्लीतून चालली होती. मागची भिंत आली. टाय बांधलेल्या म्हाताऱ्यानं क्रूस केला, गिनीपिगवालीनं पोत्यावरचा हात न उचलता नुसती बोटं हलवली. माझा हात पिशवीवरच राहिला. मी आजची चूक मनात सांगायला घेतली होती हे माझ्या ध्यानात आलं. आज काय झालं माहीत आहे का, आज खरोखरच चुकलो. बनवलेली नाही. तुझेच कपडे घेऊन निघालो नदीला आणि चाललोय तुझ्याकडेच. इथवर वाक्य आपोआप झालं. पुढे कुणी विचारलं नाही तेव्हा ते तिथंच राहिलं, दुकानात गिऱ्हाईक निघून गेल्यावर हातात राहिलेल्या हॅटसारखं.

लोक मला सांगत होते, एखादा कपडा तरी ठेवून घे, न धुता. वासासाठी. पलीकडच्या घरातल्या विधवेनं हे मला हळूच, चांगल्या मनानं सांगितलं होतं. तिनं नवऱ्याची बनियन अजून उशीच्या अभ्र्यात ठेवली आहे. मला वास येत नाही. चाळीस वर्षं गंधकाच्या धुरात हॅट पांढऱ्या केल्या, पेटी उघडली की धूर तोंडावर यायचा, आणि कधीतरी नाक गेलं. नेमकं कधी ते कळलंही नाही, सोइलाला आधी कळलं. शेगडीवर दूध जळत होतं आणि मी शेजारी बसून बातम्या ऐकत होतो. तेव्हापासून माझं नाक तीच होती. हे आंबलंय, हे खाऊ नका. सदरा बदला. पाऊस येतोय. गॅस चालू आहे. काल रात्री कपडे पिशवीत भरताना रोसाउरानं मधेच एक स्वेटर तोंडाशी धरला आणि ती तशीच कितीतरी वेळ उभी राहिली. मग तिनं तो माझ्यापुढे केला. मीही तोंडाशी धरला. लोकर टोचली. लोकर आहे एवढंच कळलं. मी तो परत दिला. ती माझ्याकडे बघत होती, काहीतरी होईल म्हणून. माझा मुलगाही फोनवर अशीच वाट बघत होता. तो न्यूयॉर्कला असतो, कागदपत्रं नाहीत, आला तर परत जाता येणार नाही. तिकडून तो रडत होता आणि मी इकडून “हो, हो” म्हणत होतो. शेवटी तो म्हणाला, “बाबा, तुम्ही आहात ना तिथं?” मी म्हणालो, “आहे.”

इस्पितळाचा थांबा आला. दार उघडलं. पाय उठायला लागले, मी त्यांना धरून ठेवलं, म्हणजे पिशवी गुडघ्यांवर जोरात दाबली. बाहेर तोच उतार, तीच लोखंडी कठड्याची पायवाट, तेच लोक डबे आणि गाद्या घेऊन चाललेले. एक तरुण माणूस एक्स-रे उन्हात धरून बघत होता. मी जिना, डावीकडची खोली, खिडकीकडची खाट असं सगळं मनात चढून गेलो. खाटेवर चादर ताणून घातलेली होती. त्याच्या पुढे मन गेलं नाही, तिथून नीट परत आलं.

“कासेरीतो! अहो, उतरा की! दार लागेल!”

दोन रिकाम्या टोपल्या आणि काखेत पाल्याचा भारा घेऊन मिचेबाई आत घुसली होती. इस्पितळाच्या फाटकाशी ती झाडपाल्याची गाडी लावते, काढे देते, दृष्ट काढते. आमच्या मंडईत विकणारी आणि घेणारा एकमेकांना कासेरीता-कासेरीतो म्हणतात, म्हणजे आपलं नेहमीचं माणूस, त्यासाठी नाव माहीत असावं लागत नाही. दीड महिना मी रोज वर जाण्याआधी तिच्याकडे लाल काढ्याचा पेला प्यायचो आणि ती विचारायची, कशी आहे आज? मी सांगायचो. चांगली आहे, बरी आहे, तशीच आहे.

दार लागलं. गाडी हलली.

“गेलं की नाही! आता पुढच्या थांब्यावरनं चालत या मागे,” ती माझ्या शेजारी बसत म्हणाली. टोपल्या पायात घेतल्या. “चार दिवस दिसला नाहीत. मी म्हटलं, म्हातारा हरवला बहुतेक ट्राममधे कायमचा.” ती स्वतःच हसली. मग तिची नजर पिशवीवर गेली. पिशवी आज भरलेली होती, वरून सोइलाच्या जांभळ्या घागऱ्याचा काठ बाहेर आला होता. नेहमी मी दोनच कपडे न्यायचो. “अगं बाई! सगळे कपडे? म्हणजे सोडताहेत तिला? आज?”

गेले चार दिवस मी पुष्कळ लोकांना सांगितलं होतं. सांगितलं की समोरचा चेहरा बदलतो. आधी डोळे, मग तोंड, मग हात पुढे येतात, आणि मग मीच त्यांच्या पाठीवर थोपटत असतो. मला त्याचा त्रास होत होता असंही नाही. पण हा एक चेहरा अजून बदलला नव्हता. सगळ्या शहरात मला माहीत असलेला हा एकच चेहरा होता, ज्याच्यात सोइला अजून खिडकीकडच्या खाटेवर होती.

“हो,” मी म्हणालो. “आज.”

“वा! वा रे कासेरीतो!” तिनं माझ्या गुडघ्यावर चापट मारली. चापट लागल्याचं मला थोडं उशिरा कळलं. “बघा, मी म्हटलं नव्हतं? ऐकलंत का,” ती समोरच्या गिनीपिगवालीला म्हणाली, दोघींची ओळख असल्यासारखी, “ह्यांची बायको घरी येतीये. दीड महिना पडून होती.”

“देवाची कृपा,” गिनीपिगवाली म्हणाली. “सूप द्या करून. यातलाच एक देते हवा तर. काळा आहे, काळ्यानं ताकद येते.”

“आत्ता सूप कशाला, आधी आंघोळ!” मिचेबाईनं भारा सोडला. सताप, रोजमेरी, गवती चहा, तांबडी फुलं, आणखी कायकाय, मला सगळी नावं येत नाहीत. मूठभर हे, मूठभर ते असं करून तिनं एक जुडी बांधली, लाल दोऱ्यानं. पाला चुरगळला तशी डब्यातली माणसं वळून बघायला लागली. टाय बांधलेल्या म्हाताऱ्यानं डोळे मिटून श्वास घेतला आणि तो म्हणाला, “माझी आई. शुक्रवारी आंघोळ घालायची ना, तो वास.” पलीकडची एक मुलगी फोनमधून मान वर काढून हसली. वास कसा होता ते मला त्यांच्या तोंडांवरून कळत होतं. मी एकेक तोंड बघत गेलो.

“हे शेवटच्या पाण्यात टाकायचं,” मिचेबाई सांगत होती, माझं मनगट धरून, मी ऐकतोय ना याची खात्री करत. “आधी साध्या पाण्यानं न्हाऊ घाला, साबण लावा, इस्पितळाचं सगळं जाऊ दे. शेवटी हे. डोक्यापासनं पायापर्यंत. आणि एक ध्यानात ठेवा. नंतर वारा लागू द्यायचा नाही. अजिबात नाही! इतके दिवस पडलेलं अंग उघडं असतं, दारं-खिडक्या नसलेल्या घरासारखं. वारा आत गेला की निघत नाही. बसवा उन्हात, पण वाऱ्याच्या आड. कळलं?”

“वाऱ्याच्या आड.”

“सांगा परत.”

“साधं पाणी, साबण, मग हे. उन्हात बसवायचं. वाऱ्याच्या आड.”

मी खिशात हात घातला तर तिनं तो धरून बाहेर काढला. “आज नाही. घरी चाललेल्या बाईकडनं मी घेत नाही, अपशकुन असतो. तिलाच घेऊन या फाटकाशी, पायावर उभी राहिली की. ती नर्स म्हणायची, तुमच्या गोष्टी ऐकून बाई हसते, टाके उसवतील. मला बघायचीय हो ती हसताना.”

“आणतो,” मी म्हणालो.

ते खोटं होतं हे मला माहीत होतं. पण खोटं बोलताना आत जे काही हलतं ते हललं नाही. सोमवार आहे किंवा गाडी पांढरी आहे असं म्हणावं, तसं ते निघालं. फेरियाला ती उतरली, गिनीपिगवालीही उतरली. फलाटावरून मिचेबाईनं मला हातानं वारा अडवल्याची खूण करून दाखवली, दोन्ही तळवे पुढे करून, आणि बाजारात गेली. गाडीत मी आणि टायवाला म्हातारा उरलो. तो म्हणाला, “भाग्यवान आहात.” गाडी वळली. वळताना आता उजवीकडे हिसका बसला, पिशवी धरायला लागली नाही, मी आधीच धरून होतो. जुडी पिशवीवर ठेवली होती. दूरच्या डोंगरावर ढग जमायला लागले होते, अजून खाली नव्हते. पुलाच्या थांब्यावर मी उतरलो.

नदीकाठच्या गवतावरून रोसाउरानं मला लांबूनच बघितलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिच्या पायांवर पाणी वाळून पांढुरके डाग पडले होते. चुलत बहिणी दगडांवर रिकाम्या बसल्या होत्या, साबण कोरडा.

“भावजी! कुठं होता? आम्ही इथं पाय गारठवून बसलोय, दगड राखत. ते ढग बघा! मी आता हिला म्हणणारच होते, जा, घरी बघून ये, काही करून घेतलं की काय माणसानं...” ती थांबली. “कुठं होता?”

“इस्पितळात.”

पाण्याचा आवाज येत होता.

“ट्राम चुकली,” मी म्हणालो. “पाय चढले. तुझ्या ताईचे सगळे कपडे घेऊन तिच्याकडे गेलो. उतरलो नाही. फेरियावरून फिरून आलो.”

रोसाउरा माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिच्या नाकातून हसू फुटलं. ती हसली ते थेट सोइलासारखं, पोटाला हात धरून. दोघी बहिणी असंच हसायच्या. “पुलाकडची सांगितलं होतं मी! दोनदा सांगितलं होतं!” चुलत बहिणीही हसायला लागल्या. एक म्हणाली, “गं बाई, हे ताईला सांगायला पाहिजे.” रोसाउरानं मनगटानं डोळे पुसले, माझ्या हातातून पिशवी घेतली आणि पाण्यात उतरली. मी गवतावर बसलो. नवऱ्यानं नुसतं बसायचं असतं.

घागरे, पोलकी, स्वेटर, पांढरी शाल, आतले कपडे, इस्पितळातला तो मागून उघडा झगा. त्या एकेक करून दगडावर आपटत होत्या, पिळत होत्या, परत बुडवत होत्या. साबणाचा फेस खालच्या अंगाला जाऊन दगडांना अडायचा आणि सुटायचा. मी बघत होतो. जांभळा घागरा पाण्यात फुगला तेव्हा त्याच्यात कुणी आहे असं दिसलं, मग रोसाउरानं तो मधोमध दाबला. आपटण्याचा आवाज आणि हात खाली येणं यांच्यात थोडं अंतर पडत होतं, कुणी लांब आपटावं तसं. पण त्या माझ्यापासून चार पावलांवर होत्या.

“आता निवळ पाणी,” रोसाउरा म्हणाली. “टोपलं द्या भावजी.” मी टोपल्याबरोबर जुडी दिली. तिनं ती नाकाशी नेली. “हे कुणी दिलं?”

“मिचेबाईनं, इस्पितळाच्या फाटकावरच्या. सोइलासाठी.” मग तिनं जसं सांगितलं होतं तसं मी सांगितलं. “शेवटच्या पाण्यात टाकायचं. आंघोळीला. आज घरी येणार म्हणून.”

रोसाउरा पाण्यात गुडघाभर उभी होती. चेहरा बदलला, पण हात पुढे आले नाहीत, म्हणून मला थोपटायला लागलं नाही. ती वळली, टोपल्यात पाणी घेतलं, लाल दोरा दातानं तोडला आणि पाला दोन्ही तळव्यांत चुरून पाण्यात सोडला. त्यात शाल बुडवली. मग पोलकं. प्रत्येक कपडा ती गळ्याकडून धरून हळू बुडवत होती, आपटत नव्हती. चुलत बहिणींना तिनं काही सांगितलं नाही, पण त्यांनीही आपटायचं बंद केलं.

कपडे गवतावर पसरले तेव्हा ऊन चांगलं होतं. शाल, तिच्याखाली पोलकं, त्याच्याखाली घागरा, रोसाउरानं नकळत तसंच मांडलं, एक बाई उताणी निजावी तसं. नदीच्या वरच्या अंगानं वारा सुटला होता. शालीचं टोक उचललं गेलं आणि पडलं, परत उचललं गेलं. मी उठलो आणि त्या बाजूला जाऊन बसलो, वाऱ्याकडे पाठ करून, शालीच्या अगदी जवळ. टोक पडून राहिलं.

“भावजी, सरका तिकडं,” रोसाउरा ओले हात झटकत म्हणाली. “वारा लागू द्या. वाऱ्यानं लवकर वाळेल. ढग बघा कुठवर आलेत!”

“वारा लागू द्यायचा नाही.”

“काय?”

“आंघोळीनंतर. अंग उघडं असतं.”

ती काहीतरी बोलणार होती. तिला घाई होती, मला दिसत होतं. कपडे ओले राहिले तर ताई ओली चालणार, याची तिला खरीखुरी भीती होती. ती ढगांकडे बघत राहिली, मग कपड्यांकडे, मग माझ्याकडे. मी हललो नाही. पाठीवर वारा लागत होता. सदरा फडफडत होता हे कानाला कळत होतं, गार लागतंय की नाही ते पाठ सांगत नव्हती.

रोसाउरा माझ्या शेजारी येऊन बसली. खांदा माझ्या खांद्याला लावला, घागऱ्याचा घेर दोन्ही बाजूंना ओढून पसरला, मध्ये फट राहू नये म्हणून. थोड्या वेळानं चुलत बहिणी आल्या आणि त्याही रांगेत बसल्या, विचारलं नाही. आम्ही सगळे वाऱ्याकडे पाठ करून शालीकडे बघत होतो. ढग डोंगराच्या अर्ध्यावर उतरले होते. ऊन अजून कपड्यांवर होतं.

पुलावरून एक ट्राम गेली. कपाळावर ‘फेरिया’ दिसलं. खालची बारीक अक्षरं इथून वाचता येत नव्हती.

“कुठली होती?” रोसाउरानं विचारलं.

मी उत्तर द्यायच्या आधी हात पुढे करून शाल चाचपली. वरून वाळली होती. खालच्या बाजूनं अजून ओली होती.